वॉरंट असूनही अनवॉरंटेड

‘अनवॉरंटेड’ हे इंग्रजी विशेषण न्यायालयांच्या निकालपत्रांत, अग्रलेखांत आणि कार्यालयीन पत्रव्यवहारात इतक्या वेळा भेटते की ते मराठीत आणताना आपण फारसे थांबत नाही. ‘अनावश्यक’ किंवा ‘अनुचित’ असा हाताशी असलेला शब्द ठेवतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. हे दोन्ही शब्द चुकीचे नाहीत, पण दोहोंतून त्या विशेषणाचा गाभा निसटतो. एखादी गोष्ट अनावश्यक आहे असे म्हणताना ती नसती तरी चालले असते, एवढेच आपण सांगतो. ती अनुचित आहे असे म्हणताना ती शोभत नाही, एवढेच सांगतो. ‘अनवॉरंटेड’ म्हणणारा याहून वेगळी आणि अधिक टोकदार हरकत घेत असतो: तुम्ही जे केलेत, जे बोललात, जो निष्कर्ष काढलात, त्याला आधार कशाचा? त्याची हरकत कृतीच्या रूपाला नसते, तिच्या पायाला असते.

सोलापुरात वकिलांच्या कागदपत्रांची इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतरे करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या शब्दाशी माझा संबंध रोजचा आहे. तरीही त्याच्याविषयी एवढे लिहावेसे वाटते ते केवळ व्यवसायापोटी नव्हे. या शहराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा दोन गोष्टी पाहिल्या, की ज्यांच्यामागे सरकारी कागद अगदी रीतसर उभा होता आणि तरीही ज्यांचे समर्थन करता येत नव्हते. कागद असणे आणि कारण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोलापूरकराला निराळे समजावून सांगावे लागू नये असे मला वाटते. आणि नेमका हाच भेद या विशेषणाच्या पोटात आहे.

‘वॉरंट’ हा शब्द मुळात कागदाचा नव्हता, माणसाचा होता. जुन्या उत्तर फ्रेंच बोलीतून तो इंग्रजीत आला तेव्हा रक्षणकर्ता, पाठीराखा, दुसऱ्यासाठी स्वतः जबाबदारी पत्करणारा असा त्याचा अर्थ होता. त्या बोलीत जिथे ‘व’ येत असे तिथे मध्य फ्रान्सच्या बोलीत ‘ग’ येत असे, आणि इंग्रजीने वेगवेगळ्या काळी दोन्ही रूपे उचलली. ‘वॉर्ड’ आणि ‘गार्ड’ ही त्यातली एक जोडी, ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ ही दुसरी. आपल्याकडे चादरीच्या दुकानात रंग पक्का असल्याची गॅरंटी मिळते आणि पंख्याच्या दुकानात वॉरंटीचे कार्ड मिळते, तेव्हा गिऱ्हाईक त्या दोन शब्दांत व्यवहारापुरता फरक करते आणि तो रास्तही आहे. पण कूळ पाहिले तर त्या सख्ख्या बहिणी आहेत, आणि दोघींच्याही मुळाशी ‘मी याच्या पाठीशी उभा आहे’ असे एका माणसाने दुसऱ्याला दिलेले वचन आहे.

पुढे त्या माणसाची जागा कागदाने घेतली. राजाने किंवा न्यायाधीशाने सही करून दिलेला हुकूम जवळ असला, की शिपायाच्या पाठीशी राजा उभा आहे असे मानले जाऊ लागले. त्याहीपुढे जाऊन, कागद असो वा नसो, एखाद्या कृतीला किंवा विधानाला बळ देणारे जे कारण असते, त्यालाही वॉरंट म्हणण्याची रीत पडली. ‘या पुराव्यावरून असा निष्कर्ष वॉरंटेड आहे’ या वाक्यात माणूसही नाही आणि कागदही नाही. तिथे केवळ पुराव्याचे वजन आहे. माणूस, कागद आणि कारण अशा तीन थरांतून घडलेला हा शब्द मराठीत मात्र फक्त मधला थर घेऊन आला. पकड वॉरंट, जामीनपात्र वॉरंट, अजामीनपात्र वॉरंट, ‘त्याच्या नावाने वॉरंट निघाले’ – सगळीकडे कागदच. शासनव्यवहाराच्या मराठीने ‘अधिपत्र’ असा प्रतिशब्द दिला, पण त्यानेही कागदालाच नाव दिले. कारणाचा अर्थ बाहेरच राहिला.

यातून जो गोंधळ होतो तो चांगल्या शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही आढळतो. ‘अनवॉरंटेड’ अटक म्हणजे वॉरंटशिवाय केलेली अटक, असे समजले जाते. तसे नाही. दखलपात्र गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलिसांना कायद्यानेच दिलेला आहे, आणि वार करून पळत सुटलेल्या माणसाला धरण्यापूर्वी न्यायाधीशाच्या सहीची वाट पाहावी अशी अपेक्षा कोणीही शहाणा माणूस करणार नाही. अशी अटक वॉरंटशिवाय असते, पण अनवॉरंटेड नसते. उलट, सहीशिक्क्याचे वॉरंट हातात घेऊन केलेली अटक अनवॉरंटेड असू शकते, जर ते वॉरंट काढण्याजोगे काही घडलेलेच नसेल तर. पहिल्या प्रकारासाठी इंग्रजीत ‘वॉरंटलेस’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि इंग्रजी जपून लिहिणारा माणूस या दोहोंची गल्लत करत नाही.

हे विशेषण कोणत्या नामांपुढे बसते ते पाहिले की त्याचा स्वभाव आणखी उलगडतो. हस्तक्षेप, संशय, टीका, विलंब, गृहीतक, निष्कर्ष, आशावाद, भीती यांच्यापुढे ते सहज येते. या सगळ्या गोष्टींना एरवी जागा असू शकते: संशय कधीकधी रास्त असतो, टीका योग्य असते, विलंबालाही सबळ कारण असते. म्हणून त्यांच्याबाबतीत ‘इथे तो आधार नाही’ असे सांगण्याला अर्थ उरतो. ज्या गोष्टीचे समर्थन कोणत्याही परिस्थितीत होऊ शकत नाही, तिला मात्र हे विशेषण लावू नये. छळाला ‘अनवॉरंटेड’ म्हणणे म्हणजे समर्थनीय छळही कुठेतरी असतो असे न कळत कबूल करणे होय. कागदपत्रांत ही चूक अधूनमधून दिसते, आणि भाषांतर करताना ती तशीच पुढे नेणे मला जड जाते.

त्याच्या शेजारचे शब्दही जवळचे वाटतात, पण प्रत्येकाचे बोट वेगळ्या ठिकाणी असते. ‘अनड्यू’ हा मापाचा शब्द आहे. दबाव, घाई, लाभ या गोष्टी वाजवीपेक्षा जास्त झाल्या असे तो सांगतो. ‘अनकॉल्ड फॉर’ हा प्रसंगाचा शब्द आहे. कोणी मागितले नसताना, वेळ नसताना केलेला शेरा. ‘अनजस्टिफाइड’ हा यांतला सर्वांत रुंद शब्द असून न्याय-अन्यायाचा पूर्ण तराजू त्यात येतो. ‘अनवॉरंटेड’ त्याच्याहून अरुंद आहे, आणि माझ्या दृष्टीने त्याचे बळ त्या अरुंदपणातच आहे: तो तुमच्या हेतूविषयी काही बोलत नाही, तुम्ही दुष्ट आहात असे म्हणत नाही, तो फक्त आधार दाखवायला सांगतो. आपल्या उच्च न्यायालयांच्या आदेशांत खालच्या न्यायालयाचा एखादा शेरा ‘अनवॉरंटेड’ आणि ‘अनकॉल्ड फॉर’ ठरवून वगळला जातो तेव्हा ही दोन विशेषणे जोडीने येतात. ती एकाच अर्थाची पुनरुक्ती नसते. शेऱ्याला पुरावा नव्हता हे पहिल्याने सांगितले जाते आणि त्या खटल्यात त्याची गरजही नव्हती हे दुसऱ्याने.

मराठीत या विशेषणासाठी एकच शब्द सगळीकडे चालत नाही आणि चालवूही नये. आरोप किंवा निष्कर्ष असेल तर ‘निराधार’ उत्तम बसतो. हस्तक्षेप असेल तर ‘अनधिकार’ जवळ जातो. भीती, आशावाद, अभिमान यांच्यासाठी ‘अनाठायी’ हा फार देखणा शब्द आपल्याकडे आहे. ‘ठाय’ म्हणजे जागा, तेव्हा अनाठायी म्हणजे जिथे असायला हवे तिथे नसलेले. पण तो सौम्य शब्द आहे. पोलिसांनी कोणाला रात्रभर चौकीत बसवून ठेवले तर त्याला ‘अनाठायी’ म्हणण्याने त्या माणसावर अन्याय होतो. अशा ठिकाणी मला वर्षानुवर्षे साथ दिली ती ‘नाहक’ या शब्दाने.

‘नाहक’ फारसीतून आला. त्यातला ‘हक’ अरबी असून त्या भाषेत त्याचे दोन अर्थ आहेत, सत्य आणि अधिकार. म्हणजे जे नाहक, ते सत्याला धरूनही नाही आणि अधिकाराला धरूनही नाही. नाहक त्रास, नाहक बळी, नाहक गोवले, नाहक बदनामी: मराठी माणूस हा शब्द कुठे वापरतो ते पाहावे. जिथे सोसणारा कोणीतरी आहे आणि त्याने काही केलेले नाही, तिथेच तो येतो. ‘अनवॉरंटेड’मध्ये करणाऱ्याला जाब विचारला जातो; ‘नाहक’मध्ये जाब तर असतोच, शिवाय ज्याच्यावर ते गुदरले त्याची बाजूही घेतली जाते. इंग्रजी शब्दात ही दुसरी गोष्ट नाही, आणि या एका बाबतीत मराठी शब्द मला अधिक पूर्ण वाटतो. सोलापुरात तर तो एका समाजाचा म्हणून राहिलेलाच नाही. उर्दू बोलणाऱ्या घरात आणि मराठी बोलणाऱ्या घरात तो सारख्याच सहजतेने उच्चारला जातो. इथे कानडी आणि तेलुगू बोलणारीही हजारो घरे आहेत. कानडीतले ‘सुम्मने’, तेलुगूतले ‘ऊरिके’ आणि मराठीतले ‘उगाच’ हे तीन शब्द शेजारी शेजारी ऐकू येतात, आणि तिन्हींत कारण नसल्याचा भाव आहे. तरी ‘उगाच धरून नेले’ आणि ‘नाहक धरून नेले’ या दोन वाक्यांत अंतर आहे. पहिल्यात कारण नव्हते एवढेच कळते. दुसऱ्यात हक्कही नव्हता असे म्हटलेले असते.

आता त्या दोन प्रकरणांकडे वळतो.

सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटले की जुन्या माणसांना कुंपण आठवते. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची वाट मोकळी झाली आणि १९२४ मध्ये त्याची एकत्रित मांडणी झाली. या कायद्याखाली जमातींच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत असत. जाहीर झालेल्या जमातीतल्या माणसांची नोंद होई, त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय हद्द ओलांडता येत नसे आणि सरकारला वाटेल तर त्यांना वसाहतीत आणून ठेवता येत असे. सोलापूरची वसाहत मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक होती. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा समाजांची कुटुंबे तिथे तारेच्या आत राहत होती. गिरण्यांना कामगार हवे होते. तेव्हा तारेतून बाहेर पडून गिरणीत पाळी करायची आणि पाळी सुटल्यावर पुन्हा तारेत यायचे, असे कित्येकांचे आयुष्य गेले. त्यांत ज्याने कधी कोणाची सुईही उचलली नव्हती असा माणूसही होता आणि वसाहतीतच जन्मलेले मूलही होते.

या कायद्यात वॉरंट होते का? कागदाच्या अर्थाने होते, आणि भरपूर होते. प्रांतिक सरकारची अधिसूचना, नोंदवही, परवाने, हजेरीपट. कारणाच्या अर्थाने पाहू लागलो की कायद्याची भाषाच बोलकी ठरते. १८७१ च्या कायद्यात अट अशी होती, की एखादी जमात, टोळी किंवा वर्ग बिनजामिनी गुन्हे पद्धतशीरपणे करण्याला सरावलेला आहे असे मानण्यास सरकारला कारण असले पाहिजे. म्हणजे कारण हवे, हे कायद्याने तोंडाने मान्य केले होते. मग त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने सांगितले, की ही अट पाळली गेली की नाही हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाने कोणत्याही स्वरूपात विचारात घ्यायचा नाही; अधिसूचना निघाली हाच अंतिम पुरावा समजायचा. मी हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्या पानावरून पुढे गेलो नाही. कारण खोटे असणे, अपुरे असणे, पूर्वग्रहाचे असणे हे कायद्याच्या इतिहासात नवीन नाही. इथे मात्र ‘आधार काय?’ हा प्रश्न विचारण्यालाच बंदी होती. कागदाला स्वतःचेच कारण करून टाकले होते. ‘अनवॉरंटेड’ हा शब्द ज्या जागी उभा राहून बोलतो, ती जागाच या कलमाने बुजवली.

आणि ज्या गोष्टीवर संशय उभारला होता तीही पाहावी. कृत्य नव्हे, जन्म. संशय अनवॉरंटेड कधी ठरतो याचे याहून नेमके उदाहरण मला दुसरे माहीत नाही: एखाद्या माणसाने काय केले यावरून त्याच्यावर संशय घ्यायचा की तो कोणाच्या पोटी आला यावरून, हा प्रश्न टाकला की तर्काच्या साध्या नियमानेच उत्तर मिळते. एका माणसाने चोरी केली म्हणून त्याच्या भावाने केली असे ठरत नाही. मग त्याच्या अजून न जन्मलेल्या नातवाने केली असे कसे ठरेल? ज्यांनी हा कायदा केला ते तर्क शिकलेले, पुराव्याच्या कायद्यात प्रवीण असलेले लोक होते. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा त्याच राजवटीने पुढच्याच वर्षी आणला, आणि त्या कायद्यात माणसाच्या वाईट चारित्र्याचा पुरावा एरवी त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही असा नियम घातला. एकाच सरकारने वर्षाच्या अंतराने एका माणसाच्या वाईट चारित्र्याबद्दल एवढी काळजी घेतली आणि लाखोंच्या बाबतीत चारित्र्य जन्मानेच ठरवून टाकले, ही विसंगती विसरण्याजोगी नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, आणि सोलापुरात त्याला वेगळे मोल आहे, कारण तार इथे होती. वसाहतीच्या जागेवर ज्या वस्त्या झाल्या त्यांच्या नावात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे शब्द आहेत. पत्ता लिहिताना माणूस आपल्या मुक्ततेची नोंद करतो. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला आणि त्यात जमातीऐवजी ज्याला स्वतःला शिक्षा झालेली आहे अशा व्यक्तीचा विचार आला. संशयाला आधार म्हणून जन्माऐवजी कृत्य मागितले गेले, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण लोकांच्या मनातली अधिसूचना एखाद्या कायद्याने रद्द होत नाही.

दुसरे प्रकरण १९३० चे. मे महिन्याच्या सुरुवातीला महात्मा गांधींना अटक झाल्यावर सोलापुरात निदर्शने झाली, ८ मे रोजी गोळीबार झाला, जमावाने चौक्या जाळल्या, पोलीस मारले गेले. अधिकारी शहराबाहेर गेले आणि नंतरचे काही दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. सोलापूर त्या दिवसांना स्वातंत्र्याचे दिवस म्हणून ओळखते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि जूनच्या अखेरीपर्यंत तो चालू राहिला. व्हाइसरॉयच्या वटहुकमाचा कागदही त्याच्या पाठीशी आला. गांधी टोपी घालणे किंवा राष्ट्रीय झेंडा बाळगणे या गोष्टी त्या दिवसांत गुन्ह्यासारख्या वागवल्या गेल्या.

मार्शल लॉविषयी इंग्रजी कायद्याचे तत्त्व असे आहे, की त्याला आधार एकच आणि तो म्हणजे गरज. नेहमीची न्यायालये आणि नेहमीचा कारभार चालूच शकत नसेल तेवढ्यापुरती आणि तेवढ्याच काळापुरती लष्कराला मुभा. सोलापूरच्या मार्शल लॉमधल्या शिक्षांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा याच तत्त्वावर वाद झाला. मी इथे न्यायालयाच्या निर्णयाची चर्चा करत नाही. मला त्या तत्त्वाकडे लक्ष वेधायचे आहे. ज्या राजवटीने सेटलमेंटमधल्या माणसांना ‘कारण काय’ असे विचारू दिले नाही, तिच्याच कायदेपरंपरेत लष्करी बळालाही ‘गरज दाखवा’ असे सांगणारे सूत्र होते. आठवी तारीख भयंकर होती हे खरे; पण वाहतूक स्वयंसेवक सांभाळत असताना, बाजार उघडत असताना टोपीला आणि झेंड्याला हात घालण्याची गरज कुठून आली? माझ्या मते ती कधीच सिद्ध झाली नाही, आणि म्हणून त्या आठवड्यांतल्या टोपी-झेंड्यावरच्या कारवाईला ‘अनवॉरंटेड’ हेच विशेषण अचूक आहे, वटहुकूम असला तरी.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत. फाशी अंमलात आणायची तर सत्र न्यायालयाने तुरुंगाधिकाऱ्याच्या नावे वॉरंट काढावे लागते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रियेतही तशीच तरतूद होती. म्हणजे त्या चौघांच्या मृत्यूला कागद होता, रीतसर, सहीशिक्क्याचा. सोलापूरने तो कागद कधी मानला नाही. शहराच्या मध्यवर्ती भागात या चौघांचे पुतळे आहेत, दर वर्षी १२ जानेवारीला तिथे लोक येतात, आणि त्यांच्याविषयी बोलताना सोलापूरकर सहसा कायद्याची भाषा वापरत नाही. चौघे नाहक गेले, असे म्हणतो.

कागद आणि कारण यांतला हा फरक स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फार स्पष्ट शब्दांत मांडला, तो १९९४ च्या जोगिंदर कुमार खटल्यात. पोलिसांना अटक करण्याचा अधिकार असणे ही एक गोष्ट आहे आणि तो वापरण्याला समर्थन असणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. केवळ कायद्याने करता येते म्हणून अटक करता येणार नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हे तत्त्व कामकाजाच्या पातळीवर आणले: सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आपोआप अटक करायची नाही, अटक का केली याची कारणे लेखी नोंदवायची, अटक केली नाही तर त्याचीही नोंदवायची, आणि दंडाधिकाऱ्याने ती कारणे तपासल्याशिवाय कोठडी द्यायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकेची ही तरतूद पस्तिसाव्या कलमात आहे. कागदात कारण लिहायला लावणे ही या निकालांची खरी कमाई आहे असे मी मानतो, कारण लिहिलेले कारण दुसऱ्याला वाचता येते आणि त्यावर हरकत घेता येते.

हे सारे मला एका अर्जाचे भाषांतर करताना नव्याने जाणवले. टॉवेल कारखान्यात काम करणारा एक तरुण, आजोबांचे बालपण सेटलमेंटमध्ये गेलेले. वस्तीपासून बऱ्याच अंतरावर घरफोडी झाली आणि त्याला चौकीत बोलावून दोन रात्री बसवून ठेवण्यात आले. त्याच्याविरुद्ध साक्ष नव्हती, त्याच्याकडे माल सापडला नव्हता, पूर्वीची शिक्षा नव्हती. वकिलांनी अर्ज इंग्रजीत लिहिला होता आणि आपल्या नावाने काय लिहिले आहे ते त्याला मराठीत वाचायचे होते. अर्जात एक वाक्य होते, की अर्जदारावरील संशय अनवॉरंटेड असून केवळ त्याच्या जमातीवरून घेण्यात आला आहे. मी त्याचे ‘अर्जदारावर नाहक संशय घेण्यात आला असून त्याला त्याच्या जमातीपलीकडे कोणताही आधार नाही’ असे केले. त्याच्यासोबत त्याची आजी आली होती. तिने ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले आणि मग म्हणाली, “हजेरी बंद झाली, पर बोलावणं काय बंद झालं नाही बघा.” तिला कायदा रद्द झाल्याचे वर्ष माहीत नव्हते. रोज सकाळी हजेरीला उभे राहणारे सासरे मात्र तिला चांगले आठवत होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतले जातीवर आधारलेले भेद त्याने घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना जन्माने सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेखही त्यांत होते. त्याच निकालात पोलिसांना असा निर्देश आहे, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी अर्नेश कुमार निकालातली मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत. फ्री कॉलनीतल्या काही कार्यकर्त्यांनी या भागाचा मराठी सारांश मागितला तेव्हा मी तो लिहून दिला. न्यायालयाचा इंग्रजी शब्द ‘आर्बिट्ररी’ होता, ‘अनवॉरंटेड’ नव्हे. पहिल्यात निर्णय घेणाऱ्याची लहर असते, दुसऱ्यात निर्णयाचा पाया नसतो, आणि लहर नसलेला, सवयीने, शांतपणे, नोंदवहीप्रमाणे घेतलेला निर्णयही पायाविना असू शकतो. मूळ शब्दाशी प्रामाणिक राहायचे म्हणून सारांशात ‘मनमानी अटक’ असेच लिहिले. कार्यकर्त्यांपैकी एका तरुणीने विचारले, की पोलिसांनी मनमानी केली नाही, नियमाने बोलावले, पण कारण काहीच नव्हते, तर हा निकाल लागू होतो की नाही? मी तिला अर्नेश कुमारमधला कारणे लेखी नोंदवण्याचा भाग काढून दाखवला, आणि सारांशात त्याचे भाषांतर आणखी एका पानावर जोडून दिले.